पणजीत पार्टीबोट घ्यावी का? (मुलींशी ओळख व्हावी म्हणून, खोटं कशाला बोलू)

उद्यमबागी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायला आज बसलो. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

वय ३४. बेळगावात उद्यमबागेत जॉबवर्कचं छोटं शेड आहे, दोन सीएनसी मशिनं, चार माणसं. घर वडगावात. लग्न जमत नाही. मुलगी बघायला गेलं की पोहे येतात आणि पोह्यांमागून प्रश्न येतो, "पुण्याला काही बघितलं नाही का?" चंदगडकडच्या एका पाहुण्यांनी तर तोंडावर सांगितलं, मुलगा चांगला आहे, पण कर्नाटकात द्यायची नाही. मग डेटिंगचं ॲप टाकून बघितलं. दहा किलोमीटरचं वर्तुळ धरलं की पहिली दिसते मामेबहीण आणि दुसरी आमच्या ऑडिटरची मुलगी. तिनंही मला बघितलं असणारच. आता रिटर्नचे कागद द्यायला मी धाकट्याला पाठवतो.

तर मुद्दा. आम्ही तिघे मित्र, त्यातला एक पणजीत हॉटेलात कामाला. तो म्हणतो एक जुनी बोट विकायला आहे. सव्वीस फुटी, फायबरची, वर ताडपत्रीचं छत, शंभर-शंभरची दोन आउटबोर्ड इंजिनं, म्युझिक सिस्टीम. नऊ लाख सांगतायत, तिघांत तीन-तीन. शनिवारी दुपारी शेड बंद करून चोर्ला घाट उतरायचा, संध्याकाळी मांडवीत बोट काढायची, ओळखीच्यांनी ओळखीच्या आणायच्या. त्याचं म्हणणं, "बोट असली की बोलायला विषय शोधावा लागत नाही."

मला पटतंय पण आणि नाही पण. खर्च किती येतो? आणि खरंच असं काही होतं का?

कुंदा_पावकिलो
पोहता येतं काय मर्दा?

उद्यमबागी
विहिरीत येतं.

निपाणीचा_धूर
बोटीचं नाव "सीमाप्रश्न" ठेव. एकदा किनाऱ्याला बांधली की सुटायची काळजी नाही. आमचा तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात नांगर टाकून बसलाय.

कॅम्पातला
😂 आणि पाटी केए-२२ लाव. गोव्यात पाण्यावरपण अडवतील.

खानापूरकर
एवढं चोर्ला उतरून जायचं कशाला? म्हादई आमच्या तालुक्यात देगावजवळ उगवते, तीच खाली गेली की मांडवी होते. पावसाळ्यात आमच्याकडनंच सोड बोट, आपोआप पणजीला पोचेल. तू बसू नकोस तेवढं. कणकुंबीला मलप्रभेत सोडलीस तर मात्र घोळ होईल, ती पूर्वेला जाते. पोरगी पणजीत वाट बघत बसेल आणि तू कूडलसंगमला.

कुंदा_पावकिलो
म्हादईच्या लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलेत की. ते वळवून घेऊ दे, मग बोट इथंच आणू.

खानापूरकर
इथं ते पाणी वळवायचं म्हटलं की जंगलातल्या गावांच्या पोटात गोळा येतो रे बाबा. चेष्टा ठीक आहे. पुढे नको.

हुक्केरी_एक्सप्रेस
हिडकल धरण जवळ आहे, घटप्रभेचं. तिथं का नको?

कॅम्पातला
जलाशय पाटबंधाऱ्याचा, परवानगीशिवाय इंजिन लावू देणार नाहीत. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की तुझी बोट चिखलात आणि तू बांधावर. राकसकोप तर विसराच, शहराच्या पिण्याचं पाणी आहे ते, त्यात पेट्रोल सांडलं तर सगळा बेळगाव तुला शोधत येईल. राहिला किल्ला तलाव. तिथं काठावर ११० मीटरचा झेंडा आहे, त्याच्याखाली उभं राहून फोटो काढ आणि टाक ॲपवर. फुकट.

वेंगुर्ल्याचा_तांडेल
बेळगावचा जावई आहे म्हणून या मंचावर असतो. बारा वर्षं पर्यटकांच्या बोटी चालवल्या, त्यातली पाच गोव्यात. उद्यमबागी, तू खर्च विचारलास आणि सगळे नद्या मोजत बसले. मी सांगतो.

नऊ लाखांत फक्त आत शिरायचं तिकीट मिळतं. शंभर एचपीचं इंजिन जोरात पळवलं तर तासाला तीसेक लिटर पेट्रोल पितं. तुझी दोन आहेत. सावकाश चालवलीस तर बरंच कमी लागेल, पण मित्र बरोबर असताना आणि वर गाणी लागलेली असताना सावकाश चालवणारा मालक मी तरी बघितला नाही.

पणजीजवळ मांडवीचं पाणी खारं असतं. प्रत्येक फेरीनंतर इंजिनातून गोडं पाणी फिरवायला लागतं, नाहीतर आतल्या वाटा मिठानं बुजतात आणि पुढच्या वेळी इंजिन तापून बंद पडतं. हे काम रात्री बारा वाजता करायचं असतं, पाहुणे घरी गेल्यावर, एकट्यानं, डास चावत असताना. इंजिनाला जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. खारं पाणी आधी त्यांना खातं. ते संपले आणि तू बदलले नाहीस की मग इंजिनाला. तू मशीनवाला आहेस, तुला हे समजेल. बोट सतत पाण्यात ठेवलीस तर तळाला आधी शेवाळ धरतं, मग शिंपले. वर्षातून एकदा तरी वर ओढून खरवडायची, तळाचा वेगळा रंग द्यायचा. आणि जून ते सप्टेंबर बोट बाहेर. म्हणजे चार महिने ती परसात पालथ्या घातलेल्या लग्नाच्या पातेल्यासारखी पडून राहणार.

आता कागद. १९१७ चा जुना कायदा गेला, २०२१ चा नवा आलाय अंतर्देशीय जलयानांचा. इंजिनावर चालणाऱ्या बोटीला तपासणीचा दाखला, नोंदणी आणि विमा लागतो, आणि चालवणाऱ्याकडे त्याच्या पात्रतेचा दाखला. गोव्यात हे सगळं कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. बघायला जाशील तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून खूश होऊ नकोस, पहिल्यांदा विचार की दाखल्यावर माणसं किती लिहिलीत. आणि दारू विकायची असेल तर अबकारीचं लायसन वेगळं.

हे माणसांचं का म्हणतो ते ऐक. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला बोट उलटली. २२ माणसं गेली, त्यात लेकरं. ती मुळात मासेमारीची बोट, तिची पर्यटकांची केलेली, आणि झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं भरलेली. जुन्या बोटीवर मागनं छत चढवलं की वजन वर जातं. त्यात नाचणारी दहा माणसं एकदम एका कडेला फोटोला आली की तांडेलाच्या पोटात काय होतं ते तांडेलालाच ठाऊक.

उद्यमबागी
तांडेलदादा, मनापासून आभार. चालवायला माणूस ठेवला तर?

वेंगुर्ल्याचा_तांडेल
ठेवावाच लागेल. मग सगळ्या मुली त्यालाच "दादा, मी पण सुकाणू धरू?" विचारणार. माझ्या लग्नाच्या आधीची पाच वर्षं बरी गेली, एवढंच सांगतो. बायको हा मंच वाचते.

निपाणीचा_धूर
म्हणजे उत्तर मिळालं. बोट घेऊ नको, बोटीवर नोकरी कर.

शहापूरची_लेक
धागा मजेशीर चाललाय, पण चाळीस प्रतिसाद होतील आणि ज्यांच्यासाठी बोट घ्यायची त्यांच्यापैकी कुणी बोलणार नाही, म्हणून लिहिते.

पुण्यात नोकरीला होते तेव्हा ऑफिसातल्या एकीच्या ओळखीनं आम्ही चौघी गोव्यात अशाच एका खासगी बोटीवर गेलो होतो. ओळखीच्यांनी ओळखीच्या आणायच्या, अगदी हेच. मालक तिशीतला, बोलायला चांगला, सरबत स्वतः आणून देत होता. पहिला तास छान गेला, खोटं का बोलू. सूर्य बुडताना पाणी कसं होतं ते अजून आठवतं. मग त्याचे दोन मित्र जास्त प्यायले. कुणी अंगाला हात लावला नाही. पण माझ्या शेजारी एक जण येऊन बसला तो उठेचना. मी दुसऱ्या बाजूला गेले, तिथं आला. सव्वीस फुटांत जाणार कुठं? मी मालकाला म्हटलं, परत फिरवूया. तो हसून म्हणाला, "अर्ध्या तासात." अर्ध्या तासानं विचारलं, परत अर्धा तास. किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते, मोजता येतील इतके जवळ. मी सँडल काढून हातात धरून बसले होते. का, ते तेव्हा मलाही कळत नव्हतं. नंतर लक्षात आलं, मी पोहायच्या तयारीत होते. आणि मला पोहता येत नाही.

कॅफेत नाही पटलं तर मी पाण्याचा ग्लास ठेवते आणि रिक्षा धरते. बोटीवर "मला जायचंय" म्हटल्यावर नेणार की नाही हे त्याच्या हातात. तुमच्या मित्राला विषय शोधावा लागत नाही, कारण ऐकणारी कुठं जाऊच शकत नाही.

चिकोडीचा_राजा
ताई, सगळेच पुरुष तसे नसतात. उगाच घाबरवायचं काम.

शहापूरची_लेक
मालकही तसा नव्हता. तो नुसता अर्धा तास म्हणत होता.

कॅम्पातला
चिकोडी, उत्तर बरोबर आहे तिचं. मान खाली घाल आणि बस की गप.

चिकोडीचा_राजा
बरं. पण मग पोरांनी करायचं काय? कॉलेज संपलं की बायकांशी बोलायला जागाच नाही गावात. गणपत गल्लीत कुणाशी दोन मिनिटं उभं राहून बोललं तर संध्याकाळपर्यंत आईला फोन. पुण्या-मुंबईची पोरं ग्रुपनं ट्रेकला जातात, नाटकाला जातात. आमच्याकडं शिवजयंतीचे चित्ररथ बघायला रात्रभर सगळं गाव रस्त्यावर असतं, तेवढी एक रात्र. माझा राग तुमच्यावर नाही ताई.

शहापूरची_लेक
हे मात्र खरं आहे. आम्हालापण तीच एक रात्र असते, आणि बरोबर काकू असते.

हिंडलग्याचे_काका
वाहनावर भिस्त ठेवण्याचा अनुभव या वयात सांगायला हरकत नाही. सन १९८३. मी म्हैसूरची येझदी घेतली. कॉलेज रोडवर संध्याकाळी पाच ते सात अशी ड्यूटी. सायलेन्सरचा आवाज गोगटे सर्कलपर्यंत जायचा, त्यामुळे मी येतोय हे मुलींना आधीच कळायचं आणि त्या आत जायच्या. सहा महिन्यांत गाडी अकरा वेळा बंद पडली. मुली राहिल्या बाजूला, माझी ओळख झाली ती मेकॅनिकशी. दर आठवड्याला त्याच्या घरी ओट्यावर बसून चहा. चहा आणून देणारी त्याची मावसबहीण. आता आमच्या लग्नाला ३८ वर्षं झाली. येझदी गेली, मेव्हणा आहे.

कुंदा_पावकिलो
म्हणजे काकांच्या हिशेबानं बोट घ्यायची, पण बिघडलेली.

हिंडलग्याचे_काका
बिघडलेलीच मिळते बाळ. मुद्दाम शोधायला लागत नाही.

खानापूरकर
एक बारीक शंका. मूळ धाग्यात मामेबहीण दिसली म्हणून हा लाजलाय. आपल्याकडं मामाची मुलगी चालते की! ॲप बरोबर दाखवतंय.

उद्यमबागी
मामीनं आधीच सांगून टाकलंय आईला, "तिनं त्याला डावीकडं सारलाय." मामीला डावी-उजवी माहीत आहे हे मला तेव्हा कळलं.

निपाणीचा_धूर
😭😭

व्यवस्थापक
सीमाप्रश्न आणि म्हादई यांसाठी वेगळे धागे आहेत. मामीसाठी नाही, त्यामुळे ती चर्चा इथे चालू ठेवायला हरकत नाही.

टिळकवाडी_पूर्व
मी जरा वेगळं सांगते. पाण्याची हौस खरी असेल तर गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथं पॉवरबोट चालवायचे आणि जीवरक्षकाचे रीतसर कोर्स असतात. माझ्या भावानं पॉवरबोटीचा केला. दाखला हातात येतो, आणि बोट आपल्याला झेपते का हे तीन लाख घालायच्या आधी कळतं. त्याच्या तुकडीत दोन मुली होत्या, दोघी त्याच्यापेक्षा बरी बोट लावायच्या धक्क्याला. पहिल्या दिवशी भरतीच्या लाटांत सगळ्यांनाच उलट्या. भाऊ म्हणतो, ज्या माणसाला तुम्ही बादली धरलीय त्याच्याशी नंतर बोलायला अवघड जात नाही.

चिकोडीचा_राजा
तुमच्या भावाचं जमलं का कुणाशी?

टिळकवाडी_पूर्व
नाही. पण वर्षाच्या शेवटी त्यातले सहा जण घरी जेवायला आले होते, मांडे खायला. आईनं दोघी मुलींना साड्या दिल्या आणि भावाला खिडकीत उभं करून विचारलं, "दोघींतली कुठली?" त्यानं हात जोडले.

कुंदा_पावकिलो
मांडे कुठनं आणले होते ते सांगा. धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न राहून गेला.

टिळकवाडी_पूर्व
घरी केले. काकू येते मांडे करायला.

(तीन आठवड्यांनंतर)

उद्यमबागी
मंडळी, जाऊन आलो. धागा वर काढतोय.

रविवारी पहाटे निघालो. जांबोटीच्या पुढं धुकं, कणकुंबीला चहा, घाटात एका ट्रकच्या मागं पाऊण तास. मित्र ब्रिटोनाच्या काठावर उभा होता. ओहोटी होती, बोट एका अंगावर कलून चिखलात बसलेली. फोटोत पांढरी दिसत होती, जवळनं बघितली तर पिवळट. ताडपत्रीला शिलाई सुटलेली. सीटच्या बाजूला ग्लास ठेवायला गोल खाचा असतात तसल्या आठ खाचा होत्या आणि आठहीत पावसाचं पाणी, एकात डासाच्या अळ्या. सीटखाली बायकांची एक सँडल पडली होती. एकच. ताईंचं लिहिलेलं वाचून गेलो होतो, त्यामुळे मी ती बराच वेळ बघत बसलो. मित्र म्हणाला, "काय बघुलालास?" मी सांगितलं नाही.

मागच्या बाजूला, जिथं इंजिनं लटकतात त्या फळीजवळ पाय दिला तर जमीन दबली. खिशात स्क्रूड्रायव्हर होता, सवयीनं. तो टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. बाहेरनं फायबर, आत प्लायवुड, आणि प्लायवुडचा भुसा झालेला. तांडेलदादांनी सांगितल्याप्रमाणे दाखला मागितला. मालकानं मोबाईलमध्ये बराच वेळ शोधला आणि म्हणाला, घरी आहे. माणसं किती लिहिलीत विचारलं तर म्हणाला, "मी वीसपर्यंत नेलीत."

माणूस वाईट नव्हता. चाळिशीचा असेल. मी विचारलं, कशाला घेतली होती? जरा हसला, म्हणाला, "तुम्ही ज्याच्यासाठी घेताय त्याच्यासाठीच." मग? "पहिल्या वर्षी मित्र भरपूर झाले." पुढं काही बोलला नाही, मीपण विचारलं नाही.

आता गंमत ऐका. तिथंच बाजूला एक जण दुसऱ्या बोटीची शिडी बसवत होता. ब्रॅकेट साध्या लोखंडाचं, वर रंग मारलेला, आतनं सगळं फुगून आलेलं. मी म्हटलं, हे ३१६ स्टेनलेसमध्ये, खाऱ्या पाण्याला टिकणाऱ्या स्टीलमध्ये, का करत नाही? तो म्हणाला, कोण करून देतो, गोव्यात सांगितलं की महिना लागतो. माप घेतलं, वहीत काढलं, परत आलो. गेल्या शुक्रवारी बारा ब्रॅकेट केली आणि बसनं पाठवली. काल अजून वीसांची ऑर्डर आली. माझे तीन लाख अजून बँकेत आहेत. मित्र रुसलाय, तो म्हणतो तू बोट बघायला आला होतास की धंदा करायला.

मुलगी अजून नाही भेटली, हे विचारायच्या आधीच सांगतो. पॉवरबोटीच्या कोर्सचं मात्र मनात आहे. टिळकवाडीताई, भावाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

टिळकवाडी_पूर्व
केला. तो म्हणाला, बादली घेऊन ये.

वेंगुर्ल्याचा_तांडेल
स्क्रूड्रायव्हर आत गेला तिथंच वाचलास मर्दा. त्या फळीवर दोन इंजिनं लटकतात. ती भर नदीत सुटली असती तर ब्रॅकेट करायला राहिला नसतास. शिडीच्या ऑर्डरीत पायऱ्यांना खाचा मार, ओल्या पायाला गुळगुळीत स्टील धरत नाही.

शहापूरची_लेक
शिडी चांगली भक्कम करा. आणि आतनंही सोडता येईल अशी.

उद्यमबागी
ताई, आतनं सोडता येईल अशी म्हणजे बिजागरीला पिन आतल्या बाजूनं? होईल. ड्रॉइंग बदलतो.

हिंडलग्याचे_काका
तो शिडीवाला माणूस कसा आहे? घरी कोण कोण असतं त्याच्या?

चिकोडीचा_राजा
एक विचारू? ती बोट गेली का अजून आहे? नऊचे सहा होतील काय?